न दुखणाऱ्या दुखण्याचा इतिहास

१९ फेब्रुवारी १९४०. रक्तदाब २२०/११०.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१९ साली, दीडशेव्या जयंतीच्या निमित्ताने, गांधीजींच्या प्रकृतीच्या जुन्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांतली ही एक नोंद आहे. त्याआधीची, २६ ऑक्टोबर १९३७ची नोंद १९४/१३० अशी आहे. आजच्या कोणत्याही डॉक्टरने हे आकडे पाहून रोग्याला घरी जाऊ दिले नसते. गांधीजींच्या डॉक्टरांनी त्या काळी हाताशी होते ते उपाय सुचवले : विश्रांती, मौन, हलका आहार, समुद्रकाठची हवा. १९३७च्या डिसेंबरात त्यांना जुहूला नेले ते याच कारणासाठी.

हा माणूस १९३६पासून वर्ध्याजवळच्या सेगावात राहत होता. या गावाचे नाव पुढे सेवाग्राम झाले. त्याच्या रक्तदाबाच्या चढउताराची बातमी देशभरच्या वर्तमानपत्रांत येई. पण त्याच गावात पहाटे बैल घेऊन शेतावर निघालेल्या शेजाऱ्याच्या दंडाला पट्टा बांधून पाहावा, असे त्या काळी कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते. तो चालत होता, भाकरी खात होता, त्याची काही तक्रार नव्हती. ज्याची तक्रार नाही त्याला तपासायचे कशाला?

उच्च रक्तदाबाचा इतिहास बहुधा दोन धाग्यांनी सांगितला जातो, मोजण्याच्या यंत्राच्या आणि औषधाच्या. दोन्ही धागे खरे आहेत. पण खेड्याच्या बाजूने पाहिले तर एक तिसरा धागा दिसतो, आणि तो या दोन्हींहून महत्त्वाचा ठरतो. तक्रार नसलेल्या माणसाकडे आपण होऊन जाणारे, पुन्हा पुन्हा जाणारे आणि जाऊन आल्याची नोंद ठेवणारे कोणी आहे का, हा तो धागा. त्याचा शोध शहरातल्या मोठ्या रुग्णालयांत लागला नाही. तो खेड्यांतच लागला, आणि एकाहून अधिक वेळा लागला.

घोडी, काचेची नळी आणि दंडाचा पट्टा

रक्ताला दाब असतो हे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिले तेही एका गावच्या पाद्र्याने. लंडनजवळच्या टेडिंग्टनचे स्टीफन हेल्स हे धर्मोपदेशक होते आणि फावल्या वेळात प्रयोग करणारेही होते. त्यांनी एका घोडीला आडवे बांधून तिच्या मांडीच्या धमनीत पितळी नळी घातली आणि तिला उभी काचेची नळी जोडली. रक्त त्या नळीत ८ फूट ३ इंच चढले आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर वरखाली होऊ लागले. हा प्रयोग त्यांनी १७३३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. मात्र माणसाची धमनी कापून दाब मोजणे व्यवहारात शक्य नव्हते.

ती अडचण सुटायला दीडशेहून अधिक वर्षे गेली. १८९६ साली इटलीतल्या तुरिन शहरात शिपिओने रिवा-रोची यांनी दंडाभोवती हवा भरायची रबरी नळी गुंडाळून पाऱ्याच्या स्तंभावर दाब वाचण्याची रीत बसवली. १९०५ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय कोरोत्कोव्ह या लष्करी शल्यचिकित्सकाने त्या पट्ट्याखाली धमनीवर स्टेथोस्कोप ठेवला. पट्टा सैल करत जाताना ठोके कधी ऐकू येऊ लागतात आणि कधी विरतात, हे त्याने टिपले. वरचा आकडा आणि खालचा आकडा ही आज घरोघरी ठाऊक असलेली जोडी तिथून आली.

आता मोजता येऊ लागले, पण मोजून करायचे काय, याचा निर्णय झाला नव्हता. वाढलेल्या दाबाची माणसे लवकर मरतात, हे विमा कंपन्यांच्या हिशेबनिसांना डॉक्टरांच्या आधी उमगले होते; त्यांच्या दृष्टीने तो हप्त्याचा प्रश्न होता. डॉक्टरांमध्ये मात्र असा एक मोठा मतप्रवाह होता की, वयाबरोबर धमन्या कडक होतात, तेव्हा मेंदूला आणि मूत्रपिंडांना रक्त पोचवण्यासाठी शरीर मुद्दाम दाब वाढवते. तो उतरवायला जाणे म्हणजे नसता उपद्रव, असे त्यांना वाटे.

या समजुतीची किंमत कोणी मोजली याचे ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट. मार्च १९४४मध्ये हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रुएन यांनी त्यांना तपासले तेव्हा त्यांचा दाब १८६/१०८ होता. १२ एप्रिल १९४५ रोजी जॉर्जिया राज्यातल्या वॉर्म स्प्रिंग्ज येथे त्यांना मेंदूत रक्तस्राव झाला आणि त्यातच ते गेले. शेवटी मोजलेला दाब ३००/१९० होता. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाच्या प्रमुखाजवळ यंत्र होते, मोजणारा डॉक्टर होता, पण उपयोगी पडेल असे औषध नव्हते. त्या बाबतीत व्हाइट हाउस आणि सेगाव यांत फारसा फरक नव्हता.

रानातली मुळी

ते औषध आपल्याकडच्या रानात होते. सर्पगंधेची मुळी सर्पदंशावर, निद्रानाशावर आणि वेडावर देण्याची परंपरा जुनी आहे. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी वाढलेला रक्तदाबही उतरवते असे लिहिले. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुज्जमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी तिच्यातली काही अल्कलॉइडे वेगळी काढली. हकीम अजमल खान यांच्या नावावरून एकाला त्यांनी अजमलीन हे नाव दिले.

पण जगाने लक्ष दिले ते मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या निबंधामुळे. १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तो प्रसिद्ध झाला. सुकवलेल्या मुळीच्या गोळ्या घेतलेल्या ५० रोग्यांचे निष्कर्ष त्यात मांडले होते. बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी तो वाचून भारतातून गोळ्या मागवल्या. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या बाझल शहरातल्या सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतला मुख्य घटक वेगळा केला आणि त्याला रेसर्पिन हे नाव दिले. १९५७ साली वकील यांना अमेरिकेतला प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला. त्याच सुमारास लघवीवाटे मीठ बाहेर टाकणाऱ्या थायाझाइड वर्गातल्या गोळ्याही बाजारात येऊ लागल्या.

दाब उतरवता येतो हे आता ठरले होते. उतरवल्याने माणूस वाचतो का, हे ठरायचे होते. ते अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्रीस यांनी सिद्ध केले. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला खरी औषधे दिली, दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या. १९६७ साली निष्कर्ष छापून आले. निष्क्रिय गोळ्यांच्या गटात चार मृत्यू झाले होते, औषधांच्या गटात एकही नाही. त्या औषधांमध्ये थायाझाइड आणि हायड्रालाझीन यांच्या जोडीला रेसर्पिनही होते. आपल्या रानातल्या मुळीने मुंबई, बोस्टन, बाझल असा प्रवास करून आधुनिक वैद्यकातला एक मोठा वाद मिटवायला मदत केली होती. पुढे रेसर्पिन मागे पडले; नाक चोंदणे, मन उदास होणे हे त्याचे दुष्परिणाम नको वाटू लागले. पण मधल्या काळात मुळ्यांची इतकी खणणी झाली की, आज सर्पगंधेचा व्यापार आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आहे.

म्हणजे १९६७पर्यंत यंत्र होते, औषध होते आणि पुरावाही होता. गोष्ट इथे संपायला हवी होती. खेड्यासाठी ती इथे सुरू होते.

अर्ध्याचे अर्धे, त्याचेही अर्धे

रूझवेल्ट ज्या जॉर्जिया राज्यात गेले, त्याच राज्यातल्या बाल्डविन काउंटी या ग्रामीण भागात १९६०च्या दशकात जोसेफ विल्बर आणि गॉर्डन बॅरो यांनी घरोघरचा रक्तदाब तपासला. त्यांना जे आढळले त्याला पुढे 'अर्ध्याचा नियम' असे नाव पडले. रक्तदाब वाढलेल्यांपैकी निम्म्यांनाच तो ठाऊक असतो. ठाऊक असलेल्यांपैकी निम्मेच उपचार घेतात. उपचार घेणाऱ्यांपैकी निम्म्यांचाच दाब आटोक्यात असतो. आठांतला एक. उरलेल्या सातांसाठी यंत्र, औषध आणि पुरावा असून नसून सारखेच.

विल्बर आणि बॅरो यांच्या कामातला दुसरा धडा तितका प्रसिद्ध नाही. परिचारिका रोग्यांच्या घरी नियमाने जाऊ लागल्या तेव्हा रक्तदाब आटोक्यात असलेल्यांचे प्रमाण चांगलेच वाढले. त्या भेटी थांबल्या तसे ते पुन्हा घसरले. औषध तेच होते, माणसेही तीच होती. बंद झाले होते फक्त येणे-जाणे.

हे येणे-जाणे आयुष्यभर चालवून दाखवले ते वेल्समधल्या ग्लिनकोरूग या खाणकामगारांच्या खेड्यात. डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट १९६१ साली तिथे गेले. साधारण दोन हजार वस्तीचे गाव, आणि कोळशाच्या खाणी बंद पडत चाललेल्या. १९६८पासून त्यांनी २० ते ६४ वयाच्या प्रत्येकाचा रक्तदाब मोजण्याचे ठरवले. त्यासाठी शिबिर भरवले नाही. खोकल्यासाठी, मुलाच्या तापासाठी, दाखल्यासाठी, ज्या कारणाने माणूस दवाखान्यात येईल त्या वेळी त्याचा दाब मोजायचा आणि लिहून ठेवायचा. जो कधीच येत नाही त्याच्या घरी जायचे. काही काळात जवळजवळ सारे गाव त्या नोंदीत आले.

१९७१ साली त्यांनी लॅन्सेटमध्ये एक सिद्धान्त मांडला, त्याला 'उलट्या काळजीचा नियम' म्हणतात : जिथे चांगल्या वैद्यकीय सेवेची गरज जास्त, तिथेच ती कमी मिळते. ग्लिनकोरूगमध्ये त्यांनी हा नियम उलटवायचा प्रयत्न केला. पंचवीस वर्षांचा हिशेब १९९१ साली प्रसिद्ध झाला. पासष्टीच्या आतल्या मृत्यूंचे प्रमाण शेजारच्या तशाच खाणगावापेक्षा २८ टक्क्यांनी कमी होते. आपल्या एका रोग्याबद्दल हार्ट यांनी लिहिले आहे की, पंचवीस वर्षांत त्याच्या ३१० भेटी झाल्या आणि एकूण ४१ तास त्याच्यासाठी खर्च झाले. या कामाचे समाधान कशात होते? तर जे घडले नाही त्यात. पक्षाघात झाला नाही, हृदयविकाराचा झटका आला नाही, मूत्रपिंडे निकामी झाली नाहीत. न घडलेल्या गोष्टींची बातमी होत नाही, म्हणून अशा डॉक्टरांचा इतिहासही सहसा लिहिला जात नाही.

मिसो, लोणची आणि एक उबदार खोली

हार्ट यांच्या आधी नऊ वर्षे जपानमध्ये हाच मार्ग दुसऱ्या एका खेड्याने धरला होता. १९५१ ते १९८० या तीन दशकांत जपानमध्ये मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण पक्षाघात हे होते. ईशान्येकडच्या आणि डोंगराळ भागातल्या शेतकऱ्यांवर त्याचा घाला विशेष होता. तिथे हिवाळा लांब आणि बर्फाचा. भाज्या मिठात मुरवून ठेवायच्या, रोज मिसोचे खारट सार प्यायचे. ईशान्येतल्या काही गावांत माणशी मीठ दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास जाई. जागतिक आरोग्य संघटनेची आजची मर्यादा ५ ग्रॅमची आहे.

नागानो प्रांतातल्या साकू येथील शेतकरी सहकारी रुग्णालयात १९४५ साली डॉ. तोशिकाझु वाकात्सुकी हे शल्यचिकित्सक आले. रुग्णालयात बसून रोग्यांची वाट पाहणे त्यांना पटेना. ते सहकाऱ्यांना घेऊन गावोगाव जात, लोकांना तपासत आणि संध्याकाळी आरोग्यावरची नाटके करून दाखवत. ती नाटके ते स्वतः लिहीत. शेतकऱ्यांच्या लपलेल्या आजारांचे त्यांनी दोन प्रकार केले : सोसलेला आजार आणि न जाणवलेला आजार. पहिल्यात दुखते, पण कापणी आहे, पैसे नाहीत, सासू काय म्हणेल, म्हणून माणूस गप्प बसतो. दुसऱ्यात दुखतच नाही. रक्तदाब या दुसऱ्या प्रकारातला.

१९५९ साली याचिहो या गावाने वाकात्सुकी यांच्या रुग्णालयाच्या साह्याने सगळ्या गावाची दर वर्षी आरोग्य तपासणी सुरू केली. प्रत्येक गावकऱ्याच्या हाती आरोग्याची वही आली आणि तिच्या जोडीची नोंद दप्तरी राहिली. गावातलेच लोक आरोग्य-कार्यकर्ते झाले. मीठ कमी करायचे प्रयत्न स्वयंपाकघरातून सुरू झाले. नागानोत एक साधी मोहीमही निघाली : घरातली निदान एक खोली हिवाळ्यात उबदार ठेवा, कारण थंडीने धमन्या आकसतात आणि दाब चढतो. आज नागानो हा जपानमधल्या दीर्घायुषी प्रांतांत गणला जातो. वाकात्सुकी यांना १९७६ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

तीनच वर्षांनी, १९७९ साली, तोच पुरस्कार महाराष्ट्रात आला. जामखेडचे रजनीकांत आणि मेबल आरोळे यांना तो मिळाला.

घरातच झालेले मृत्यू

आरोळे दांपत्याने १९७०मध्ये जामखेडला काम सुरू केले तेव्हा समोरचे प्रश्न वेगळे होते : कुपोषण, बाळंतपणातले मृत्यू, क्षय, कुष्ठरोग. रक्तदाब त्या यादीत नव्हता. पण त्यांनी जे सिद्ध केले ते रक्तदाबालाही लागू पडते. गावातली, बहुधा शाळेचे तोंड न पाहिलेली, कष्टकरी बाई शिकवली तर गावाचे आरोग्य सांभाळू शकते, आणि बाहेरच्या डॉक्टरापेक्षा तिचे लोक अधिक ऐकतात, कारण ती उद्याही तिथेच असणार असते. पुढे रक्तदाब मोजणे हेही अशा बायकांच्या हातचे काम झाले.

आपण मात्र बराच काळ असे धरून चाललो की, रक्तदाब हा शहरातल्या, बैठ्या, पैसेवाल्या माणसाचा रोग. खेड्यातला माणूस घाम गाळतो, साधे खातो, त्याला कसला बीपी? या समजुतीला धक्का दिला तो गडचिरोलीने. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या संशोधकांनी एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या दोन वर्षांत ८६ गावांतल्या, सुमारे ९४ हजार वस्तीतल्या, प्रत्येक मृत्यूचे कारण शोधले. १५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताने झाले होते. म्हणजे शंभरात चौदा, आणि कारणांमध्ये पहिला क्रमांक. ज्या जिल्ह्याचे नाव घेतले की आपल्याला हिवताप आणि कुपोषण आठवते, तिथली ही स्थिती. पक्षाघाताने गेलेल्यांपैकी ८७ टक्के माणसे घरातच गेली. पक्षाघात घडवून आणणाऱ्या कारणांत वाढलेला रक्तदाब सर्वांत मोठा आहे.

गावात याला लकवा म्हणतात. लकवा 'मारतो', 'वारे जाते', म्हणजे तो बाहेरून अचानक येतो, अशी आपल्या भाषेचीच समजूत आहे. त्याच्या आधीची दहा-पंधरा वर्षे धमनीच्या भिंतीवर रोज पडलेला ताण भाषेत नाही, कारण तो जाणवलेलाच नसतो. त्यामुळे गोळीविषयीचे गावातले तर्कही आपापल्या जागी चूक वाटत नाहीत. चक्कर आली की घ्यायची, बरे वाटले की सोडायची. मोजून 'नॉर्मल' आला की थांबवायची. 'एकदा लागली की सुटत नाही', म्हणून सुरूच करायची नाही. ताप आणि जुलाब यांच्या अनुभवावर बेतलेले हे शहाणपण आहे. न दुखणाऱ्या दुखण्यापुढे ते अपुरे पडते, आणि ते बदलायला एका भाषणापेक्षा अनेक भेटी लागतात.

पुन्हा वर्धा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, २०१५-१६मध्ये, पहिल्यांदा देशभर प्रौढांचा रक्तदाब मोजला गेला. रिवा-रोचींच्या पट्ट्याला तेव्हा जवळपास एकशेवीस वर्षे झाली होती. नोव्हेंबर २०१७मध्ये पाच राज्यांतल्या निवडक जिल्ह्यांत भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातले पहिले चार जिल्हे होते भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा.

या उपक्रमात नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. ठरलेल्या मोजक्या गोळ्या पायरीपायरीने द्यायच्या, पहिली बहुधा अॅम्लोडिपिन. साठा संपू द्यायचा नाही. तीस दिवसांच्या गोळ्या एकदम आणि शक्यतो घराजवळच्या उपकेंद्रातच द्यायच्या, म्हणजे रोजगार बुडवून तालुक्याला जावे लागणार नाही. दाब मोजणे आणि पाठपुरावा करणे परिचारिकेने आणि आरोग्य सेविकेने करायचे. आणि प्रत्येकाची नोंद ठेवून ठरल्या तारखेला कोण आले नाही त्याची यादी काढायची. ही यादी म्हणजेच ग्लिनकोरूगचे नोंदपत्र आणि याचिहोची वही. फक्त आता ती फोनच्या पडद्यावर दिसते.

हा मार्ग चालतो याचा भक्कम पुरावा २०२१ साली चीनमधून आला. तिथल्या ३२६ खेड्यांतल्या सुमारे ३४ हजार लोकांच्या अभ्यासात निम्म्या गावांमध्ये रक्तदाबाची जबाबदारी प्रशिक्षित ग्रामवैद्यांकडे दिली होती. हे एके काळच्या 'अनवाणी डॉक्टरां'चे वारसदार. दीड वर्षाने त्या गावांत ५७ टक्के लोकांचा दाब १३०/८०च्या खाली आला. इतर गावांत २० टक्क्यांचाच. त्याच वर्षी ६०० चिनी खेड्यांतल्या दुसऱ्या अभ्यासाने दाखवले की, नेहमीच्या मिठाऐवजी एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ वापरल्यास पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी होतात. मूत्रपिंडाच्या रोग्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. लोणची, पापड, ठेचा आणि सिंधुदुर्गातली सुकी मासळी यांच्यावर पावसाळा काढणाऱ्या आपल्यासारख्यांनी याचिहोच्या मिसोइतकाच या मिठाचाही विचार करायला हवा.

१९४० साली वर्ध्याजवळच्या त्या खेड्यातल्या एका माणसाचा रक्तदाब देशाला ठाऊक होता आणि त्यावर औषध नव्हते. आज औषध उपकेंद्राच्या कपाटात आहे. राहिला आहे तो त्याच्या शेजाऱ्याचा प्रश्न. पहाटे शेतावर निघालेला तो माणूस अजूनही दवाखान्यात येत नाही, कारण त्याला काही होत नाही. त्याच्या नावापुढचा रकाना कोरा दिसला की कोणीतरी उठून त्याच्या बांधावर जाणे, दंडाला पट्टा बांधणे, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जाणे, इतकेच उरलेले काम आहे. बाल्डविन काउंटीच्या परिचारिकांनी ते करून दाखवले आणि थांबवल्यावर काय होते तेही दाखवले. वर्ध्यात ते चालू राहील का, हा प्रश्न म्हणूनच वैद्यकाचा कमी आणि आपल्या चिकाटीचा जास्त आहे.